पोट बारा महिने

"पाय धर त्याचे," वस्ताद म्हणाले.

"नाही धरत," मी म्हणालो.

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. बालभीम व्यायामशाळेत त्या वेळेला वीस-बावीस पोरं असायची. सगळ्यांचे हात होते तिथंच थांबले. केरबा वस्तादांना तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस इचलकरंजीत तोवर कुणी बघितला नव्हता. खाली सतरंजीवर उत्तम बुगड गुडघे वाकवून, हात मानेमागं घेऊन तयारच होता. तो एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा वस्तादांकडं.

आमच्या तालमीची एक रीत होती. दिवसभरात तुम्ही काहीही मारा, कुणी छाती मारायचं, कुणी पाठ, कुणी पाय, पण शेवटची पंधरा मिनिटं पोटाची. जोडीजोडीनं. एकानं सतरंजीवर पडायचं, दुसऱ्यानं गुडघे टेकून त्याचे घोटे दाबून धरायचे. शंभर उठाबशा झाल्या की अदलाबदल. स्पर्धा असो नसो, दिवाळी असो की शिमगा, यात बदल नाही. समोरच्या भिंतीवर वस्तादांनी स्वतःच्या हातानं लाल ऑइलपेंटनं लिहिलं होतं, 'पोट बारा महिने'. लिहिणाऱ्याचं वय बासष्ट, आणि सदरा काढला तर पोटाच्या चार वड्या अजून मोजून घ्या. त्यामुळं कुणाची काही बोलायची टाप नव्हती.

"काय म्हणालास?" वस्तादांनी कानाला हात लावून विचारलं. ऐकू चांगलं येत होतं त्यांना.

"म्हणालो, नाही धरत. उत्तम आजपासनं पोट मारणार नाही. स्पर्धेला आठ आठवडे राहिले की बघू."

"का बरं? पोटात दुखतंय त्याच्या?"

पोरं हसली. मला ते झोंबलं.

मी सुकुमार बिरनाळे. नाव सुकुमार आणि दंड साडेसतरा इंचांचे, यावरून लोकांनी आयुष्यभर माझी चेष्टा केली. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. दोनदा जिल्ह्याचा किताब मारलेला, बाजारपेठेत घरचं भुसार दुकान, आणि संध्याकाळी तालमीत वस्तादांचा उजवा हात. नुकताच मुंबईला आठ दिवसांचं शिबिर करून आलो होतो आणि डोक्यात हवा गेली होती. तिथं एका माणसानं सांगितलं, पोट हा बाकीच्या स्नायूंसारखाच एक स्नायू. बारा महिने रोज रगडलं तर कंबर रुंद होते आणि शरीराचा आकार बिघडतो. जड बैठका आणि जमिनीवरनं वजन उचलताना पोटाला काम मिळतंच. बाकी सगळा खेळ खाण्याचा. त्याच शिबिरात दुसऱ्या एकानं याच्या बरोबर उलटं सांगितलं होतं. पण मला जे आवडलं ते मी गाठोड्यात बांधून आणलं.

मी ते सगळं त्या दिवशी सगळ्यांसमोर वस्तादांना ऐकवलं. 'कंबर रुंद होते' म्हणताना त्यांच्या कमरेकडं बघितलंसुद्धा. इतका माज होता.

वस्ताद शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे सण आला की घर सारवायचं आणि एरवी उकिरडा हुदे. असंच न्हवं?"

"तसं नाही वस्ताद, शास्त्र आहे हे."

"मग आठ आठवडे तरी कशाला पाहिजेत रं तुझ्या शास्त्राला? मारूच नको की अजिबात!"

"नाहीच मारणार!" मी ओरडलो. "एक सेट मारणार नाही हा पोरगा स्पर्धेपर्यंत. आणि स्टेजवर याचं पोट जिल्ह्यात एक नंबर दिसलं तर?"

"तर त्या भिंतीवरचं मी माझ्या हातानं पुसतो," वस्ताद म्हणाले. "आणि न्हाई दिसलं तर तू परत ह्या तालमीत शास्त्र काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

खाली पडलेल्या उत्तमला कुणी काही विचारलंच नाही. मुंबईवाला आठ आठवडे तरी म्हणत होता. रागाच्या भरात मी त्याच्याही पुढं गेलो होतो. उत्तम उठून बसला, अंगावरची धूळ झटकली आणि हसून म्हणाला, "दादा म्हणतील तसं. तेवढीच पंधरा मिनिटं लवकर घरला जातो."

त्याचं नवीनच लग्न झालं होतं. पोरं पुन्हा हसली आणि वातावरण सैल झालं.

आता सत्तावीस वर्षं झाली याला. माझी स्वतःची जिम आहे, एसी आहे, भिंतभर आरसे आहेत. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "सर, ॲब्स वर्षभर मारायचे की फक्त स्पर्धेआधी?" मी सांगतो, वर्षभर मारा, आठवड्यातनं दोन-तीनदा, कमरेवर वजनं टांगू नका, आणि स्पर्धा जवळ आली की वाढवा. हे सांगायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी आणि वस्ताद पाच महिने एकमेकांशी सरळ बोललो नव्हतो.

उत्तम यंत्रमागावर कामाला होता. सकाळी सात ते संध्याकाळी सात, बारा तास त्या खडखडाटात उभं राहायचं, आणि तिथनं तडक तालमीत. यायचा तेव्हा भुवया, केस, कानाच्या पाळ्या, सगळीकडं सुताचा पांढरा भुगा. चोवीस वर्षांचा होता. मी दोन वर्षांपूर्वी त्याला हेरला होता. पोरगं मेहनती, आणि सांगितलेलं ऐकणारं. त्या वर्षी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या चेअरमननं जाहीर केलं होतं, जिल्ह्याच्या स्पर्धेत आपल्या भागातला जो पोरगा गटात पहिला येईल त्याला कारखान्यात घेतो, सुरक्षा विभागात, कायम. 'कायम' हा शब्द उत्तम असा म्हणायचा की बाकीच्यांना हसू यायचं.

"दादा, एकदा कायम झालो की मागाचं तोंड बघणार न्हाई. गणवेश, रविवारची सुट्टी, आणि मालनला म्हणलंय, तुला सायकल शिकवतो."

"आधी पोट दाखव लोकांना. मग सायकल."

"दाखवतो की. तुम्ही हाय म्हटल्यावर."

दिवाळीच्या पाडव्याला त्याचं वजन चौऱ्याहत्तर होतं. मी त्याला खाण्याचा तक्ता लिहून दिला. अंड्याचा पांढरा भाग, उकडलेलं चिकन, ज्वारीची एक भाकरी, साखर बंद, तेल बंद. दर रविवारी सकाळी तालमीच्या काट्यावर त्याला चढवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. कार्तिक संपेस्तोवर किलोभर उतरला. ठीक. मग एकदम वेग आला. आठवड्याला किलो, कधी सव्वा किलो. पौषात एकोणसत्तर. पोटावर रेघ उमटली, मग दुसरी. एका रविवारी मी त्याची बनियन वर केली आणि मलाच विश्वास बसेना. एकही सेट न मारता सहाच्या सहा वड्या.

"वस्ताद, जरा इकडं बघता का?" मी हाक मारली.

वस्ताद आले. चष्मा लावून त्यांनी बघितलं. पोट बघितलं, मग मान, मग खांदे, मग पुन्हा तोंडाकडं. बराच वेळ बघत होते.

"जेवतोस का रं?" त्यांनी उत्तमला विचारलं.

"जेवतोय की."

"तक्त्याप्रमाणं जेवतोय," मी मधेच म्हणालो.

वस्ताद काही न बोलता निघून गेले. त्यांची बोलती बंद झाली म्हणून मी मनातल्या मनात उड्या मारल्या. खरं सांगतो, त्या रविवारसारखा आनंद मला स्वतःचे किताब मिळाले तेव्हा झाला नव्हता.

खोकला होता त्याला. पण इचलकरंजीत मागावरच्या कुणाला खोकला नाही? भुगा छातीत जाणारच. सगळेच खोकतात, गूळ खातात आणि कामाला लागतात. उत्तमला तर मी गूळही बंद केला होता. एकदा तालमीत कपडे बदलताना त्याच्या पिशवीत मला खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली.

"हे काय?"

"मेडिकलमधनं आणलंय. रात्रभर खोकतोय दादा, शेजारचे पण उठाय लागलेत."

मी बाटली उजेडात धरून लेबल वाचलं. "साखर आहे यात. पाक आहे नुसता! दोन चमचे घेतलेस तर पोटावर चढंल."

"एवढ्यानं?"

"एवढ्यानंच. एक-एक दाणा मोजायचा असतो या टायमाला. गरम पाणी पी."

बाटली मी माझ्या पिशवीत टाकली. नंतर ती दुकानात गल्ल्याच्या मागं किती तरी दिवस पडून होती. उत्तमनं काही वाद घातला नाही. गरम पाणी प्यायला लागला.

वजन असंच उतरत राहिलं तर पंच्याहत्तरच्या गटात त्याला उतरवण्यात अर्थ नव्हता. मग माझ्या डोक्यात आलं, पासष्टच्या गटात टाकू. तिथं बारकी पोरं असतात, हा त्यांच्यात उठून दिसेल. उत्तमचे हात बारीक व्हायला लागले होते, बेंचवर नव्वद उचलणारा पोरगा साठला अडत होता. तेही मला ठाऊक होतं. खाणं तोडलं की ताकद जातेच, हे प्रत्येक बॉडीबिल्डरला पाठ असतं. जे जे दिसत होतं त्याला माझ्याकडं आधीच उत्तर तयार होतं.

स्पर्धेला अठरा दिवस राहिले असताना त्याची बायको मालन दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं पाव किलो शेंगदाणे मागितले. मी तोलून पुडी बांधली, पैसे घेतले, तरी ती हलेना.

"काय गं? अजून काय पाहिजे?"

"दादा, एक बोलायचं हुतं. त्यांना सांगू नका मी आलते म्हणून."

"बोल की."

"त्यांना रात्री घाम येतोय. थंडीचं दिवस, आणि अंथरूण पिळून काढावं एवढा घाम. तिन्हीसांजंला अंग कढत लागतंय. आणि जेवतच न्हाईत ओ. तुमचा तक्ता हाय म्हणतात, पण तक्त्यातलं पण निम्मं ताटात ठेवतात." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दवाखान्यात चला म्हणलं, तर म्हणतात दादांना इचारतो. मग म्हणलं आपणच जाऊन इचारावं. तुम्ही सांगितलासा तर लगेच जातील."

तुम्ही सांगितलासा तर. ती माझ्याकडं आली होती, कारण तिच्या नवऱ्याला हलवणारी किल्ली माझ्या हातात आहे हे तिला पक्कं माहीत होतं. आणि मी काय केलं? मी तिला समजावून सांगायला बसलो.

"हे बघ मालन, स्पर्धेच्या आधी सगळ्यांचं असंच होतं. माझं पण व्हायचं. घाम येतो कारण शरीर चरबी जाळतंय. भूक मरते. चिडचिड होते. होते का नाही चिडचिड?"

"न्हाई. चिडत न्हाईत. नुसतं पडून असतात."

"तेच ते. आणि आत्ता डॉक्टरकडं नेलंस तर तो पहिली गोष्ट काय करणार? सलाईन लावणार. सुई टोचणार. सगळं पाणी कातडीखाली भरणार आणि चार महिन्यांची मेहनत गेली वाया. नोकरी गेली हातची. अठरा दिवस फक्त. स्पर्धा झाली की मी स्वतः नेतो त्याला."

"नक्की?"

"शब्द देतो."

ती निघाली. पायरीपाशी थांबून म्हणाली, "तुम्ही एवढं ठामपणानं सांगताय म्हणल्यावर बरं वाटलं."

तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

स्पर्धा आमच्याच गावात, एका शाळेच्या पटांगणावर होती. आदल्या दोन दिवसांत मी उत्तमचं मीठ आणि पाणी तोडलं होतं. तोंड सुकलं की तो ओल्या रुमालानं ओठ पुसायचा. काट्यावर चौसष्ट भरला. स्टेजच्या मागं मी त्याला रंग लावत होतो, मग तेल. पाठीवर हात ठेवला तर पाठ तापलेल्या तव्यासारखी.

"अंग मस्त तापलंय रं," मी म्हणालो. "शिरा वर येतील बघ."

"दादा, पाय जरा थरथरालेत."

"पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर चाललायस. माझे पण थरथरायचे. खोकला आला तर गिळ. पंचांसमोर खोकायचं नाही."

तो स्टेजवर गेला आणि मी खाली पहिल्या रांगेत जाऊन बसलो. वस्ताद माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. सक्तीच्या पोझेस सुरू झाल्या. दंड, छाती, पाठ, यांत उत्तम इतरांच्या बरोबरीनंच होता, कदाचित थोडा कमीच. मग माइकवरनं पुकारलं, पोट आणि मांडी. उत्तमनं हात मानेमागं घेतले, श्वास सोडला आणि पोट आवळलं.

पटांगणावर आधी एकदम शांतता झाली आणि मग शिट्ट्या सुरू झाल्या. सहा वड्या, बाजूच्या तिरक्या रेघा, बरगड्यांवर दातांसारखे उठलेले स्नायू, बेंबीच्या खालनं जाणाऱ्या शिरासुद्धा. माझ्या मागचा एक म्हातारा "अबाबाबा!" असं ओरडला. पंचांनी त्याच पोझमध्ये पाच जणांना पुन्हा पुढं बोलावलं. उत्तमनं पुन्हा आवळलं. त्याचं तोंड हसत होतं आणि डोळे ओले झाले होते. मला वाटलं, पोराला भरून आलंय.

पासष्ट किलो गट, पहिला क्रमांक, उत्तम बुगड, बालभीम व्यायामशाळा, इचलकरंजी.

मी खुर्चीवर उभा राहून नाचलो. वस्तादांच्या पुढ्यात जाऊन नाचलो, हेही सांगून टाकतो. स्टेजच्या मागं उत्तम एका कोपऱ्यात वाकून खोकत होता, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी त्याच्या पाठीवर थापा मारत होतो आणि म्हणत होतो, "आता खोक लेका, किती खोकायचं तेवढं खोक!" चेअरमनसाहेबांनी तिथंच येऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, सोमवारी कारखान्यावर ये.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो तर वस्ताद बाकावर चढून भिंतीवर पांढरा रंग मारत होते. लाल अक्षरं पहिल्या हातात झाकली जात नव्हती, दुसरा हात मारावा लागला. बासष्ट वर्षांचा माणूस टाचा उंच करून ब्रश पोचवत होता. मी खाली उभा राहून बघत होतो. असूदे वस्ताद, राहूदे, असं म्हणायला दोन सेकंद लागले असते. नाही म्हणालो. त्याचीही लाज आता वाटते, पण ती लाज पुढच्या गोष्टीपुढं काहीच नाही.

सोमवारी मी उत्तमबरोबर कारखान्यावर गेलो. 'कायम'च्या आधी वैद्यकीय तपासणी असते. डोळे बघितले, उंची मोजली, आणि छातीचा एक्स-रे काढायला जयसिंगपूरला पाठवलं. फिल्म घेऊन आम्ही परत आलो. कारखान्याचे डॉक्टर म्हातारे होते, कोल्हापूरहून यायचे. त्यांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, खाली ठेवली आणि पुन्हा धरली.

"बरोबर कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही कोण याचे?"

"मी याचा... मी शिकवतो याला."

"तुम्ही थांबा बाहेर," ते उत्तमला म्हणाले. तो गेल्यावर मला म्हणाले, "टीबी आहे. दोन्ही फुप्फुसं. डावं तर जवळजवळ गेल्यातच जमा आहे. काय करतो हा?"

"मागावर आहे. आणि बॉडीबिल्डर आहे. परवाच जिल्ह्यात पहिला आला, पोटासाठी."

का म्हणालो मी तसं? 'पोटासाठी' हा शब्द मी त्या खोलीत, त्या फिल्मसमोर का उच्चारला? सवयीनं. अभिमानानं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पोटासाठी म्हणजे?"

मी हातानं पोटाच्या वड्या दाखवल्या.

"अहो, या माणसाच्या अंगावर मांस राहिलेलं नाही. त्यामुळं दिसतंय ते. चार-पाच महिने तरी हे चाललंय. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणालो. "त्याच्या बायकोच्या आलं होतं."

"मग?"



मिरजेला टीबीच्या दवाखान्यात नेला. गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. चार महिने आधी सुरू झाली असती तर गोष्ट वेगळी होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. रागावून नाही, सहज सांगितलं. मालनची तपासणी केली, तिला काही नव्हतं, एवढंच देवानं केलं. मी एक दिवसाआड जायचो. अंडी घेऊन, केळी घेऊन, तुपातले लाडू घेऊन, जे जे मी त्याला तोडलं होतं ते सगळं घेऊन. त्याला घास गिळवत नव्हता. एप्रिलमधल्या एका दुपारी नर्स वजन करून गेली. उत्तमनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"दादा, आता पन्नासच्या गटात बसतो बघा."

चेष्टा करत होता. मला हसवायला बघत होता. मी हसलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला कपाळ लावून रडलो. त्यानं मला एकदाही विचारलं नाही, दादा, तुम्हाला कळलं कसं नाही? विचारायला पाहिजे होतं त्यानं. मे महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात, तो गेला.

बाराव्याला मी मालनकडं गेलो. तोंड कुठं लपवावं ते कळत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "दादा, तुमचा शब्द तुम्ही पाळलासा. स्पर्धा झाल्यावर नेलासा त्यांना." हे ती मनापासून म्हणाली की टोचून, ते मला आजही कळलेलं नाही. महिन्याभरानं ती बोरगावला माहेरी गेली. पुढं तिचं दुसरं लग्न झाल्याचं कानावर आलं.

मी तालमीत जायचं सोडलं होतं. जूनमध्ये एका सकाळी, तालीम रिकामी असते अशा वेळेला, गेलो. वस्ताद एकटेच वजनाच्या प्लेटा पुसत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हात जोडले.

"वस्ताद, तुमचं खरं होतं. पैज तुम्ही जिंकला."

"कसली पैज?" त्यांनी फडकं खाली ठेवलं. "अरं, पोटाचं तुझंच बरोबर असंल. मी काय मुंबई बघितलेली न्हाई. त्यात काय ठेवलंय आता?"

"मी आंधळा झालो होतो."

"तू झाला हुतास." त्यांनी पुसलेली प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाले, "मी न्हवतो."

मी मान वर केली.

"चाळीस वर्षं झाली पोरांची अंगं बघतोय मी. उतरवलेलं अंग कसलं आणि वाळलेलं अंग कसलं, मला कळत न्हाई व्हय? पौषात तू त्याची बनियन वर केलीस त्याच दिशी मला दिसलं. मान बघितली मी त्याची. खांद्यात खड्डे पडलेले. चार येळा माझ्या जिभेवर आलं, सुकुमार, पोरगं आजारी हाय, आधी दवाखान्यात ने."

"मग बोलला का नाही?" मी ओरडलोच.

"बोललो असतो तर काय म्हणाला असतास?"

मी खोटं बोलू शकलो नाही. "हरायला लागलाय म्हणून बोलताय, असं म्हणालो असतो."

"व्हय. सगळ्या पोरांपुढं म्हणाला असतास. तेवढ्यापायी गप बसलो." त्यांनी पुन्हा फडकं उचललं, पण पुसलं काही नाही. "आणि आता सगळंच सांगतो. कुणापाशी तरी बोलायला पाहिजे. स्पर्धेच्या दिशी मी तीन खुर्च्या सोडून बसलो हुतो न्हवं? मी वाट बघत बसलो हुतो. म्हणत हुतो, पडंल आता. स्टेजवर पडंल पोरगं, आणि ह्या सुकुमारची जिरंल."

मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता.

"तुम्हाला निदान दिसलं तरी, वस्ताद," मी शेवटी म्हणालो. "मी पाच महिने रोज त्याच्याकडं बघत होतो. मला नुसतं पोटच दिसत होतं."

वस्तादांनी फडक्यानं तोंड झाकलं. केरबा वस्तादांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी त्यांच्या शेजारी सरकून बसलो. संध्याकाळी पोरं यायला लागली तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, आज तालीम बंद, घरी जा.